न पुजलेलं टेबल

मी बोईसरला दगड ओळखायचं काम करत होते, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, दगडात ओळखायचं काय असतं? आता मी समजावत बसत नाही. त्या कामात मला जे ओळखता आलं त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही, आणि जे वेळेवर ओळखायला हवं होतं ते रोज माझ्यासमोर खुर्चीत बसून चहा पीत होतं.

साठ सालानंतरची ती वर्षं. तारापूरच्या बाजूला समुद्राकाठी मोठं बांधकाम निघालं होतं आणि त्याच्या आजूबाजूला लहानसहान कंत्राटदार उगवले होते. कोणी रस्ते करत होतं, कोणी चाळी, कोणी पाण्याच्या टाक्या. या लहान कंत्राटदारांना खडी आणि वाळू तपासून देणारी एक खाजगी प्रयोगशाळा सालवडच्या रस्त्याला होती. वर पत्रे, आत दोन खोल्या, पुढे ओटा. साहेब, मी आणि माझ्यानंतर लागलेला एक तरुण, एवढीच माणसं. मी रसायन घेऊन बी. एस्सी. झाले होते. लग्न झालं, नवरा टायफॉइडनं गेला आणि मी पालघरला भावाकडे परत आले.

भावाच्या घरी मला कोणी उपाशी ठेवलं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं छळ होत होता. छळ नव्हता. माझी वळकटी तांदळाच्या कणगीशेजारी असायची. घरात बारसं असलं, कोणाची ओटी भरायची असली की वहिनी गोड आवाजात म्हणायची, "वन्सं, तुम्ही जरा आतलं बघता का?" आतलं बघण्यासारखं काही नसायचं. मी आत बसून राहायचे. भाऊ मान खाली घालून पेपर वाचायचा. या सगळ्याचा मला इतका कंटाळा आला होता की सकाळच्या गाडीनं बोईसरला उतरलं की मला मोकळा श्वास यायचा. तिथे वाटेवर सुक्या बोंबलाचा वास असायचा, पण तोही बरा वाटायचा.

त्या वर्षी साहेबांनी सांगितलं होतं की दिवाळीनंतर आमच्या दोघांपैकी एकाला कायम करणार. दोघांना करण्याइतकं काम नव्हतं. कायम होणाऱ्याला प्रयोगशाळेच्या मागे नव्यानं बांधलेली खोली मिळणार होती. एक खोली, बाहेर मोरी, खिडकीला गज. मी ती खोली बांधताना रोज पाहत होते. तिच्या भिंतीला गिलावा झाला तेव्हा गवंडी जेवायला गेलेला पाहून मी आत जाऊन उभी राहिले होते. कुठे चूल ठेवायची, कुठे खाट, हे माझं ठरून गेलं होतं. मला दुसरं काहीही नको होतं. ती खोली हवी होती आणि ती मला मिळेल अशी माझी खात्री होती, कारण काम मला त्या तरुणापेक्षा जास्त येत होतं.

काम असं होतं. आपल्याकडचा काळा दगड फोडला की त्यात पांढरे डोळे दिसतात, तिळाएवढे, कधी बोराएवढे. ते पांढरं तीन प्रकारचं असू शकतं आणि तिन्ही वरून सारखंच दिसतं. एक कॅल्साइट, म्हणजे चुन्याच्या कुळातलं. दुसरं झिओलाइट. ही दोन्ही निरुपद्रवी. तिसरी मात्र अकीक जातीची सिलिका, आणि तिचं सिमेंटशी हाडवैर. असली खडी घातलेलं काँक्रीट काही वर्षांनी आतून फुगतं आणि तडकतं. म्हणून खाणीचा दगड आला की पांढरं काय आहे ते आधी सांगायचं, मगच खाणीला मंजुरी.

माझी पद्धत जुनी होती. पांढऱ्यावर पातळ ऍसिडचा थेंब टाकायचा; फसफसलं तर कॅल्साइट. नाही फसफसलं तर त्यानं काच ओरखडून पाहायची. ओरखडा उठला तर सिलिकेचा संशय. काच ओरखडली नाही तर त्याचा कण कोळशाच्या खळग्यात ठेवायचा आणि ब्लोपाइपनं त्यावर ज्योत मारायची. ब्लोपाइप म्हणजे चुलीच्या फुंकणीची धाकटी बहीण, पितळेची. नाकानं श्वास घेत गालांनी फुंकत राहायचं, ज्योत तुटू द्यायची नाही. झिओलाइटचा कण त्या आचेत लाहीसारखा फुगतो, वाकडातिकडा होतो आणि वितळून त्याचा बुडबुड्यांचा काचमणी होतो. सिलिका तशीच्या तशी राहते, ढिम्म हलत नाही. मला हे फुंकणं छान जमायचं. आयुष्यात इतक्या ओल्या लाकडांपुढे बसले होते की गालांना सवय होती.

तो तरुण मायक्रोस्कोपवाला. शिकलेला भूगर्भशास्त्र, बोलायला नम्र, मला ताई म्हणायचा. साहेबांनी परदेशी बनावटीचा मायक्रोस्कोप मागवला होता आणि त्याच्यासाठी या माणसाला घेतलं होतं. पांढऱ्याची पूड करायची, काचपट्टीवर लवंगेच्या तेलाच्या थेंबात ती बुडवायची आणि खालून प्रकाश सोडायचा. प्रकाशाला दोन चाळण्या लावायच्या, एक उभी, एक आडवी. झिओलाइटच्या दाण्याची कड तेलात उठून दिसते. अकीक जातीच्या दाण्याची कड तेलात पुसट होते आणि कित्येकदा चाळण्यांमधून पाहिलं की दाण्यात एक काळी फुली उमटते. पट्टी कितीही फिरवली तरी ती फुली जागची हलत नाही.

आमचे वाद व्हायचे, पण ते चांगले वाद होते. तो म्हणायचा, "ताई, तुमची फुंकणी मोठ्या खड्याला ठीक. झिओलाइटच्या पोटात चिमूटभर सिलिका लपलेली असेल तर तुमचा कण फुगेल आणि तुम्हाला ती कळणारसुद्धा नाही." हे खरं होतं आणि मला त्याचा राग यायचा. मी म्हणायचे, "आणि तुझ्या नळीतून दिसतं ते काय आहे हे शेवटी तूच ठरवणार ना? माझा कण माझ्या मतानं फुगत नाही." हेही खरं होतं. साहेब दोघांचं ऐकून हसायचे आणि दोन्ही पद्धतींनी करा म्हणायचे. त्यांच्या हसण्यात मायक्रोस्कोपचं पारडं जड असायचं. इतके पैसे ओतलेली वस्तू चुकते हे कोणाला आवडेल?

दसऱ्याला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होती. सगळीकडे होते तशी. साहेबांच्या पत्नी त्यासाठी मुद्दाम मुंबईहून आल्या होत्या. हसऱ्या, गोऱ्या, हातभर बांगड्या. बाजारातली रांगोळी दगड दळून करतात म्हणून साहेबांनी आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं की दगडाच्या प्रयोगशाळेत दगडाची पूड नको, काही मिसळलं तर? या सावधगिरीचं त्यांना फार कौतुक होतं. म्हणून बाईसाहेबांनी घरून तांदळाचं पीठ आणलं होतं. त्यांनी मायक्रोस्कोपच्या टेबलावरच त्याच्याभोवती सुरेख वेलबुट्टी काढली. झेंडू वाहिला, नळीला कुंकू लावलं. टेबलावरच्या तेलाच्या बाटल्या पाहून म्हणाल्या, "यांची बुचं काढा हो. झाकलेल्या वस्तूची पूजा कशी करायची?" त्या तरुणानं आज्ञाधारकपणे एकेक बूच काढून शेजारी ठेवलं.

मग त्या माझ्या टेबलाकडे वळल्या. स्पिरिटचा दिवा, कोळसे, पितळेची ब्लोपाइप, ऍसिडची बाटली. मी बाजूला उभी होते. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं. हातातली हळदीकुंकवाची कोयरी त्यांनी तशीच थोडी मागे घेतली. "इथे राहू दे," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "कोळसेच आहेत." साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही तोवर ओट्यावर बसता का? प्रसाद पाठवतो." मी ओट्यावर बसले. शिरा आला, तो खाल्ला. तोंड वाकडं करण्याचीही माझी सवय तोवर गेली होती.

त्या दिवशी यंत्रांना हात लावायचा नसतो. बाटल्या उघड्या, पीठ टेबलावर, वर पंखा. दुसऱ्या दिवशी सकाळी तरुणानं एका फडक्यानं सपासप टेबल झटकलं, बुचं लावली आणि कामाला बसला. हे मी पाहिलं आणि मनात काहीही आलं नाही. माझ्या डोक्यात खोली होती.

त्याच आठवड्यात मनोरच्या रस्त्यावरच्या एका खाणीचा दगड आला. पावसात तिच्यात पाणी भरलेलं असायचं, दसरा झाला की काम सुरू. मी तपासला. काही पांढरं फसफसलं, बाकीचं कोळशावर फुगून वितळलं, काच एकानंही ओरखडली नाही. कॅल्साइट आणि झिओलाइट, खाण चांगली. तरुण मायक्रोस्कोपवरून उठला तो गंभीर चेहरा करून. "ताई, अकीक आहे. बारीक आहे, पण पुष्कळ आहे. सगळीकडे फुल्या."

साहेबांनी स्वतः डोळा लावला. फुल्या होत्या. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "फुंकणीत हे सापडणार नव्हतं, बाई." दगडाचं जाऊ द्या, मला त्या क्षणी मागच्या खोलीची गजांची खिडकी दिसली आणि ती माझी नव्हती. खाणीला मंजुरी नाकारायचं ठरलं. अजून एकदा नमुने आणवले, पुन्हा माझं तेच, त्याचं तेच.

खाणीवर कामाला डोंगरातली कुटुंबं उतरली होती. त्यातली एक बाई नमुन्याच्या पाटीबरोबर आली होती, ती ओट्यावरच्या खांबाला टेकून उभी राहिली. मी बाहेर आले तेव्हा म्हणाली, "बाय, खान कदी चालू व्हनार? आमी थांबावा का घरा जावा? कोनी सांगत नाय." मी म्हटलं, बघतो आहोत. ती म्हणाली, "बगा बगा," आणि पाटी उचलून गेली. तिला पांढऱ्या टिपक्यांशी काही कर्तव्य नव्हतं. मला तिची दया आली असं म्हणणं खोटं होईल. मला माझीच आली होती.

पण एक गोष्ट मला खात होती. इतकी सिलिका असती तर एखाद्या तरी कणानं काचेवर ओरखडा काढला असता. चिमूटभर लपते हे मला मान्य होतं. पुष्कळ कशी लपेल? तरुण दुपारी डबा खायला गेला असताना मी त्याच्या टेबलावर बसले. आदल्या वर्षीचा एक नमुना कपाटात होता. त्यात तेव्हा त्यालाच स्वच्छ झिओलाइट दिसलं होतं. तो मी लावला. फुल्या. मग मी नमुनाच घातला नाही. कोऱ्या पट्टीवर नुसत्या तेलाचा थेंब ठेवला आणि पाहिलं.

फुल्या. दगड नाही, पूड नाही, आणि दाणेच दाणे, प्रत्येकाच्या पोटात काळी फुली.

मी तेलाची बाटली हलवली. तळाशी पांढरट गाळ होता. तो गाळणकागदावर घेतला, स्पिरिटनं तेल धुऊन काढलं, पाण्याचा शिंतोडा दिला आणि औषधांच्या पेटीतलं टिंक्चर आयोडीन वर सोडलं. कागद निळाशार झाला, इतका की काळाच वाटावा. पिठाच्या कणांतही चाळण्यांमधून तशीच काळी फुली दिसते, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे ती वेलबुट्टी आली आणि शेजारी काढून ठेवलेली बुचं. मला हसू फुटलं. मला वाटलं, खोली माझी झाली.

तरुण आला तेव्हा त्याला दाखवलं. त्यानं स्वतः कोऱ्या पट्टीला डोळा लावला. मग म्हणाला, "ताई, बरं झालं तुमच्या लक्षात आलं." तो वाईट माणूस नव्हता. आम्ही दोघं साहेबांकडे गेलो आणि मी सगळं पुन्हा त्यांच्यासमोर करून दाखवलं. कोरी पट्टी, नुसतं तेल, फुल्या, आयोडीन. साहेब बराच वेळ डोळा लावून बसले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता, पण त्यांनी मला विचारलं ते योग्यच विचारलं.

"तुमचं टेबल तर चार हातांवर आहे. तुमच्या बाटल्यांत हे का गेलं नाही?"

उत्तर सरळ होतं. कोणत्याही तपासणीत हाच प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर द्यावंच लागतं.

"माझ्या टेबलावर पीठ नव्हतं, साहेब. माझी बुचं कोणी काढली नाहीत. माझं टेबल पुजलं नव्हतं."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे ते तुम्ही मनात ठेवलंय," ते हळू म्हणाले.

"मी कारण सांगतेय."

"बाई, ती मुंबईहून येऊन, हौसेनं, सगळ्यांच्या भल्यासाठी पूजा करून गेली. तिला दोष देताय?"

"मी पिठाला दोष देतेय."

"तुमचं दुःख मी समजू शकतो," साहेब म्हणाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला दुःख नव्हतं. माझ्याकडे निळा झालेला कागद होता. तो मी टेबलावर त्यांच्यासमोर ठेवला होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. ते माझ्या कपाळाकडे बघत होते, बाईसाहेबांनी पाहिलं होतं तसंच, फक्त जास्त मायेनं. मी तरुणाकडे पाहिलं. एक वाक्य तो बोलला असता तरी पुरलं असतं. बूच मी काढलं, फडकं मी मारलं, ताईंचं बरोबर आहे. तो खाली पाहत नखानं टेबलावरचा डाग खरवडत राहिला.

साहेबांनी तेल बदलायला सांगितलं आणि खाणीच्या दगडाची कोरडी पूड एक्स-रे परीक्षेसाठी मुंबईला पाठवली. त्या परीक्षेत ना तेल लागतं, ना फुंकर, ना कोणाचा डोळा. फिल्मवर रेघा उमटतात आणि प्रत्येक खनिजाच्या रेघा ठरलेल्या. निकाल आला: कॅल्साइट आणि झिओलाइट, दुसरं काही नाही. खाण सुरू झाली. कंत्राटदारांना सांगितलं गेलं की आमच्या तज्ज्ञानं मायक्रोस्कोपखाली शंका काढली म्हणून आम्ही थेट एक्स-रेपर्यंत गेलो, इतकी आमची काळजी. तज्ज्ञ म्हणजे तो. शंका म्हणजे फुल्या. पिठाचं नाव कोणी काढलं नाही आणि ब्लोपाइपचं तर नाहीच.

दिवाळीनंतर साहेबांनी मला समोर बसवून चहा दिला. "तुमचं काम चोख आहे," ते म्हणाले. "निकालही तुमचाच बरोबर आला, मी नाकारत नाही. पण लहान जागा आहे, तीन माणसं. मनात धरून ठेवणाऱ्या माणसाबरोबर रोजचं काम होत नाही. तुम्हाला पुढे कुठेही मी चांगलंच सांगेन." मी चहा पूर्ण प्याले. तेव्हा कप भिंतीवर फेकायला हवा होता असं मला आजही वाटतं. मी म्हटलं, "बरं."

घरी वहिनीनं दारातच विचारलं, "झालं का हो कायम?" मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "जाऊ दे वन्सं, तुम्हाला इथे काय कमी आहे?" आणि तिनं कणगीशेजारची माझी वळकटी जरा झटकून नीट लावली. ती चांगुलपणानं वागली आणि मला तिचा गळा धरावासा वाटला.

होळीपर्यंतचं काम मला दिलेलं होतं, ते मी केलं. तरुण खोलीत राहायला जायचा होता. एका शनिवारी निघताना तो ओट्यावर माझ्यामागे आला. अवघडला होता. त्याला माझ्याशी नीट वागायचं होतं, हे दिसत होतं.

"ताई, रविवारी खोलीत सत्यनारायण आहे. तुम्ही यायलाच हवं," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, माझी सोय बघत असल्यासारखा, म्हणाला, "पूजा सकाळी आटपेल. तुम्ही अशा दुपारनंतर या, म्हणजे तुम्हाला अवघड नको."

मी त्याला येते म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही. स्टेशनाकडे चालू लागले. त्याच्या फुल्या, त्याचं गप्प बसणं, कंत्राटदारांपुढे तज्ज्ञ म्हणून उभं राहणं, हे सगळं मी पुढे केव्हातरी सोडून दिलं. त्या दिवशी तो जे माझ्या भल्यासाठी बोलला ते मात्र मला अजून माफ करता आलेलं नाही.